भराव का बसतो? वाचकांचे प्रश्न : रोलर, थर आणि पाणी

दिवाळीनंतर ठाणे-नवी मुंबईच्या पट्ट्यात भरावाची कामे सुरू होतात, मे अखेरपर्यंत ती रेटली जातात आणि पावसाळा सरला की त्याच भरावांबद्दलची पत्रे येऊ लागतात. यंदाच्या पत्रांतले सात प्रश्न इथे घेतले आहेत. काही सोसायट्यांचे आहेत, काही साइटवर काम करणाऱ्यांचे. माती दाबून घट्ट करण्याला साइटवर 'कॉम्पॅक्शन' म्हणतात, त्याला जुन्या पाटबंधारे खात्याच्या कागदांत 'दबाई' म्हटले आहे. आम्ही तोच शब्द वापरतो.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या मागे पार्किंगसाठी साधारण ३ मीटर उंच मुरमाचा भराव केला. लॅबच्या प्रत्येक अहवालात दबाई १०० ते १०२ टक्के आहे. तरी पहिल्याच पावसाळ्यात पेव्हर ब्लॉक ५०-६० मिमी खाली गेले. अहवाल खोटे आहेत का?
— सोसायटीचे सचिव, कासारवडवली, ठाणे

खोटे असतीलच असे नाही. आकडे प्रामाणिकपणे काढलेले असूनही निष्कर्ष चुकलेला असू शकतो. मुरमाच्या भरावात हे वरचेवर घडते. दर वेळी शंभराच्या वर जाणारी टक्केवारी ही शाबासकीची गोष्ट मानू नका, ती चौकशीची जागा आहे.

टक्केवारी कशी काढतात ते आधी पाहू. लॅबमध्ये प्रॉक्टर चाचणी करून त्या मातीची कमाल कोरडी घनता काढतात. आयएस २७२० या भारतीय मानकाच्या भाग ८ मधल्या भारी चाचणीत साच्यातल्या मातीवर ४.९ किलोचा रॅमर ४५० मिमीवरून पाच थरांत प्रत्येकी २५ वेळा पडतो. जागेवरची (भरावात खड्डा खणून, तो वाळूने मापून काढलेली) कोरडी घनता भागिले ही कमाल घनता, म्हणजे दबाईची टक्केवारी. अडचण अशी की साच्यात जाणारा मुरूम २० मिमीच्या चाळणीतून गेलेला असतो आणि तुमच्या भरावात त्याहून मोठे दगड असतात. दगड मातीपेक्षा जड. त्यामुळे जागेवरची घनता आपोआप वाढलेली दिसते.

उदाहरण घ्या. चाळलेल्या मुरमाची कमाल घनता १.८५ ग्रॅम प्रति घनसेंमी आली. भरावात वजनाने २५ टक्के दगड २० मिमीपेक्षा मोठे आहेत आणि त्यांचे विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या किती पट जड) २.७ आहे. जागेवर घनता मिळाली १.८८. थेट भागाकार केला तर दबाई १०१.६ टक्के. पण दगड धरून या मिश्रणाची कमाल घनता काढायची तर ०.७५ ला १.८५ ने भागा, ०.२५ ला २.७ ने भागा, बेरीज येते ०.४९८. एकाला या बेरजेने भागले की २.०१. आता १.८८ भागिले २.०१ म्हणजे जेमतेम ९३.६ टक्के. रस्त्याच्या भरावालाही ९५ टक्के लागतात. अहवालावर १०१.६ लिहिलेला तुमचा थर त्या रेषेखाली आहे.

लॅबला एवढेच विचारा : चाचणीच्या खड्ड्यातून निघालेल्या मालात २० मिमीवर किती टक्के राहिले आणि त्या दगडाचे विशिष्ट गुरुत्व मोजले का? आपल्याकडचा मुरूम म्हणजे कुजलेला बेसाल्ट. त्याचे दगड पाणी पितात आणि त्यांचे गुरुत्व घट्ट काळ्या दगडापेक्षा कमी भरते, म्हणून पुस्तकातला आकडा न घेता मोजलेलाच घ्यावा. दगडांचे प्रमाण ३५-४० टक्क्यांच्या पुढे गेले की हे सूत्रही लंगडे पडते, कारण दगडाला दगड टेकतो आणि मधली माती दाबलीच जात नाही. अशा मालासाठी रोलरचे किती पास दिले (तो एका जागेवरून किती वेळा गेला) आणि थर लेव्हलने किती खाली गेला, यावरच नियंत्रण ठेवावे लागते.

दुसरे कारण पाणी. एप्रिल-मेमध्ये खाणीतून येणारा मुरूम फार कोरडा असतो. कोरडा मुरूम रोलरखाली इतका टणक होतो की पहार मारली तर ठिणगी उडावी. हा टणकपणा फसवा असतो. कणांना धरून ठेवणारा ताण त्यांच्यामधल्या थोड्याशा ओलाव्यामुळे असतो. पहिल्या दोन-तीन मोठ्या पावसांत पाणी आत मुरले की तो ताण सुटतो, कण सरकतात आणि वर काहीही वजन न वाढता भराव बसतो. ३ मीटरचा भराव नुसता २ टक्के बसला तरी ६० मिमी होतात. तुमचा आकडा याच्या अगदी जवळ आहे.

पाणी किती लागते याचा हिशेब कागदावर होतो. मुरमात ओलावा ७ टक्के आहे आणि दबाईला योग्य ओलावा १२ टक्के आहे असे धरा. १०० चौरस मीटर जागेत २५० मिमीचा दाबलेला थर म्हणजे २५ घनमीटर, कोरड्या वजनाने साधारण ४६ टन. त्याच्या ५ टक्के म्हणजे २३०० लिटर. उन्हात उडून जाणाऱ्या पाण्यासाठी आणखी एखादा टक्का. दहा हजार लिटरचा टँकर जास्तीत जास्त ३५०-४०० चौरस मीटरला पुरतो. दिवसाला एक टँकर आणि हजार चौरस मीटरचा थर अशी नोंद असेल तर तो थर कोरडाच दाबला गेला. शिवाय पाणी रोलरच्या पुढे नुसते शिंपडून भागत नाही. ग्रेडरने किंवा नांगराने माल उलटासुलटा करून ते थरभर मुरवावे लागते.

तिसरे कारण थराची जाडी. हे सर्वांत जास्त घडते आणि अहवालात कधीच दिसत नाही, कारण चाचणीचा खड्डा थराच्या वरच्या १५० मिमीत खणला जातो. तिथे दबाई उत्तमच असते. मोकळा थर ४५० मिमी पसरला असेल तर खालचा तिसरा हिस्सा रोलरला जवळपास लागलेलाच नसतो. साइटवर जाडी राखायचा सोपा उपाय असा : १४ घनमीटरचा हायवा (टिपर) ३०० मिमीच्या मोकळ्या थरात ४६-४७ चौरस मीटर पुरतो. चुन्याने ५ मीटर बाय ९ मीटरचे चौकोन आखायचे आणि एका चौकोनात एकच हायवा ओतायचा. दोन ओतले की लगेच डोळ्याला दिसते.

वाळूच्या चाचणीतल्या दोन चुकाही सांगतो. वाळू ओतताना शेजारी रोलर चालू असेल तर खड्ड्यातली वाळू हादऱ्याने घट्ट बसते, खड्डा आहे त्यापेक्षा मोठा ठरतो आणि घनता कमी दिसते. याउलट वाळू दमट असेल, आणि आपल्या हवेत ती एका रात्रीत दमट होते, तर ती फुगून बसते, खड्डा लहान ठरतो आणि घनता खोटी वाढते. १ मिमीतून गेलेली आणि ६०० मायक्रॉनवर राहिलेली वाळू कोरडी करून रोज तपासून वापरावी. खड्डाही मालाला साजेसा हवा. १०० मिमी व्यासाचा खड्डा बारीक मातीसाठी, दगडी मुरमाला २०० मिमीचा.

आता तुमच्या भरावाचे काय? वरून पुन्हा रोलर फिरवून खालचे अडीच मीटर सुधारणार नाहीत, त्यावर खर्च करू नका. तीन-चार ठिकाणी डायनॅमिक कोन पेनेट्रोमीटर (हातोड्याने जमिनीत ठोकायचा टोकदार गज) घाला. त्याचा हातोडा ८ किलोचा, तो ५७५ मिमीवरून पडतो. दर ठोक्याला कोन किती मिमी उतरला याचा आलेख काढा. दर ४०० मिमीला कडक-मऊ, कडक-मऊ असे पट्टे दिसले तर थर जाड टाकले होते हे सिद्ध होते. भरावात पक्के खिळे मारून महिन्याला लेव्हल घ्या, पावसाळी नाले आणि पाण्याच्या पाइपलाइन गळत नाहीत ना ते पाहा. एका पूर्ण पावसाळ्यात बसणे थांबले तर ब्लॉक काढून वरचा पाया नीट करून पुन्हा बसवता येतील. तोपर्यंत कडेच्या भिंतीला कलण्याची चिन्हे आहेत का याकडे मात्र लक्ष हवे.

प्रश्न : आमच्याकडे ११ टनी व्हायब्रो (कंपन देणारा) रोलर आहे. मुरमाच्या थरावर १२ पास मारले, पण सहाव्या-आठव्या पासनंतर ड्रम उड्या मारायला लागतो आणि वरचा पृष्ठभाग मोकळा होतो. सुपरवायझर म्हणतो, अजून पास मारा. बरोबर आहे का?
— रोलर ऑपरेटर, तळोजा

नाही, थांबा. ड्रम उड्या मारू लागला म्हणजे खालचा थर ताठ झाला आणि यंत्राचा मार त्याला पेलवेनासा झाला. एकाआड एक फेरीला ड्रम जमिनीवरून सुटतो आणि दुप्पट जोराने आपटतो. अशाने वरचे ५०-१०० मिमी सैल होतात, मुरमाचा दगड फुटून त्याची माती होते आणि रोलरचे रबर माउंट, बेअरिंग यांचे आयुष्य घटते.

करायचे असे. पहिला पास साधा, व्हायब्रो बंद ठेवून. मग मोठ्या ॲम्प्लिट्यूडवर (ड्रमच्या वर-खाली हलण्याच्या मापावर) तीन-चार पास. या वर्गाच्या यंत्रांत ती साधारण १.७ ते २ मिमी असते आणि खोलवर काम करते. ड्रमचा आवाज कोरडा, टणक होऊ लागला की लहान ॲम्प्लिट्यूडवर यायचे, आणखी दोन ते चार पास. शेवटचा पुन्हा साधा, वरची कातडी बसवण्यासाठी. शेजारचे दोन पट्टे १५० ते २०० मिमी एकमेकांवर चढलेले ठेवायचे.

वेगाबद्दल आग्रहाने सांगावेसे वाटते, कारण तिथेच दबाई सर्वांत जास्त हरवते. ३० हर्ट्झवर ड्रम सेकंदाला ३० ठोके देतो. ताशी ३.६ किमी वेगाने चाललात तर दर ३३ मिमीला एक ठोका. ताशी ६ किमी केलात की ठोके ५५ मिमीवर जातात आणि थराला मिळणारी ऊर्जा तेवढी घटते. ३ ते ४ किमीच्या वर जाऊ नका. डिझेल वाचवण्यासाठी इंजिनचा रेझ कमी ठेवण्याची सवयही अशीच महागात पडते. ड्रममधल्या विषम वजनाचा जोर फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. ३० ऐवजी २५ हर्ट्झ मिळाले तर जोर एकदम ३१ टक्क्यांनी कमी. बाहेरून काहीच फरक दिसत नाही, रोलर तसाच थरथरतो. महिन्यातून एकदा रीड टॅकोमीटर लावून हर्ट्झ तपासून घ्या.

आणखी एक : रोलर उभा असताना व्हायब्रो चालू करायचा नाही आणि दिशा बदलताना आधी बंद करायचा. नाहीतर त्या जागी आडवा खळगा पडतो, तो पुढच्या थरातही उमटतो.

तुमच्या सुपरवायझरसाठी : पासांची संख्या वादाने ठरत नाही, चाचणी-पट्टीने ठरते. तोच माल, तोच रोलर घेऊन २५-३० मीटर लांब पट्टी करा. दर दोन पासांनंतर दहा-बारा ठरलेल्या बिंदूंवर लेव्हल आणि तीन ठिकाणी घनता घ्या. आलेख जिथे सपाट होतो तिथे थांबायचे. नव्या रोलरवर कॉम्पॅक्शन मीटर असेल तर तो ड्रमच्या कंपनातून थराचा ताठरपणा सतत दाखवतो. ही पद्धत स्वीडनमध्ये १९७० च्या दशकात आली. मऊ जागा शोधायला ती फार उपयोगी आहे, पण तो आकडा घनता नव्हे. त्याच मालावर चाचणी-पट्टीत जुळवून घेतल्याशिवाय त्याला अर्थ नाही, आणि ड्रम उड्या मारू लागला की तो आकडा खाली पडतो. कोरड्या थरावर तो चांगला दिसतो हेही ध्यानात ठेवा.

कामाचा एक ताळा रोज संध्याकाळी घालता येतो. १.९ मीटर कामाची रुंदी, ताशी ४ किमी, २५० मिमी थर, ८ पास. गुणून-भागून ताशी २३७ घनमीटर, वळणे आणि थांबे धरून १८० च्या आसपास. एका रोलरने आठ तासांत अडीच हजार घनमीटर केले अशी नोंद आली तर पास कमी पडले किंवा थर जाड पडला, तिसरी शक्यता नाही.

प्रश्न : रॅपिड मॉइश्चर मीटर १२ टक्के दाखवतो आणि ओव्हनमध्ये तीच माती साडेतेरा टक्के येते. मीटर बिघडला का?
— लॅब टेक्निशियन, घणसोली

मीटर ठीक आहे. कॅल्शियम कार्बाइडचा मीटर ओलावा ओल्या वजनाच्या टक्क्यांत दाखवतो आणि आपल्याला तो कोरड्या वजनावर हवा असतो. १२ भागिले ८८ म्हणजे १३.६ टक्के. मातीत ढेकूळ राहिले तर आतले पाणी कार्बाइडपर्यंत पोचत नाही, म्हणून स्टीलचे गोळे घालून बाटली नीट हलवा. आठवड्यातून एकदा १०५ ते ११० अंशांच्या ओव्हनशी ताळा घ्या.

प्रश्न : तालुक्यातल्या एका जुन्या माती बंधाऱ्याच्या विमोचकाचा (पाणी बाहेर सोडायच्या वाटेचा) पाइप बदलून भोवती काँक्रीट केले. आता बांध पुन्हा भरायचा आहे. रोलर काँक्रीटच्या जवळ जात नाही. तिथली दबाई कशी करावी आणि कशी तपासावी?
— कनिष्ठ अभियंता, शहापूर

हा प्रश्न वेळेवर विचारलात हे फार चांगले झाले. बांध कुठे सैल आहे हे पाणी बरोबर शोधते, आणि पाइप व माती यांच्यामधली फट ही त्याची आवडती वाट. आधी ओल, मग गढूळ झिरपा, मग मातीचे कण वाहून नेत आतल्या आत वाढत जाणारी नळी. हे घडायला एकच निसटलेला थर पुरतो.

काँक्रीटच्या बाजू उभ्या ठेवू नका. आठ किंवा दहा उभ्याला एक आडवा असा उतार द्या, म्हणजे माती बसताना काँक्रीटपासून सुटण्याऐवजी त्याच्यावर दाबली जाईल. पाइप गोल असेल तर त्याच्या कुशीखाली रॅमर पोचत नाही, म्हणून तळाशी काँक्रीटचा पाळणा हवाच. काँक्रीटला चिकणमातीचा दाट राप लावा आणि तो ओला असतानाच माती चढवा. वाळलेला राप म्हणजे तयार फट.

माती गाभ्याचीच (बांधाच्या मधल्या, पाणी अडवणाऱ्या भागाची), प्लास्टिसिटी निर्देशांक (मातीचा चिकणपणा दाखवणारा आकडा) १५ च्या वर, खडे निवडून काढलेली. ओलावा योग्य ओलाव्याहून १ ते ३ टक्के जास्त. मुठीत दाबली तर गोळा व्हावा आणि गोळा वाकवला तर तडा न जाता वाकावा. कोरडी माती इथे अजिबात चालणार नाही, ती ताठ राहते आणि काँक्रीटच्या खाचाखोचांत शिरत नाही. मोकळा थर १०० मिमी. यंत्र जम्पिंग जॅक, ६०-७० किलोचा. प्लेट कॉम्पॅक्टर इथे नको, तो वाळू-खडीसाठी आहे. चिकणमाती वरवर चोपून तो पुढे सरकतो. कोपऱ्यात जॅक शिरत नसेल तर हाताची धुमस. भिंतीपासून किमान ६०० मिमीचा पट्टा असा हाताने करायचा आणि रोलरचा थर त्याच्याबरोबर पातळीत चढवायचा, मागे-पुढे नाही. पाइपच्या दोन्ही बाजूही सारख्याच वाढल्या पाहिजेत. पाइपवर किमान १ मीटर दाबलेली माती येईपर्यंत व्हायब्रो रोलर वरून नेऊ नका.

बाकीच्या गाभ्याला पॅडफूट किंवा शीपफूट रोलर (ड्रमवर पाय असलेला), दाबलेला थर १५० मिमी. पाय सुरुवातीला खोल रुततात आणि थर पक्का होत गेला की वर येतात. दहा-बारा पासांनंतरही रुततच असतील तर माती ओली आहे. सपाट ड्रमने गाभा गुळगुळीत करून त्यावर पुढचा थर टाकण्याची चूक करू नका. दोन थरांमध्ये काचेसारखी पातळी राहते आणि पाणी तिथूनच आडवे जाते. थर २५-५० मिमी खरवडा, वाळला असेल तर पाणी मारा, मग पुढचा पसरा. अवकाळी पावसाचे ढग दिसले तर मात्र सपाट ड्रमने पृष्ठभाग बंद करून २-३ टक्के उतार द्यावा, आणि पाऊस गेल्यावर ती कातडी खरवडूनच पुढे जावे.

जुन्या नकाशात पाइपभोवती काँक्रीटच्या कॉलर असतील. त्यांच्याभोवती दबाई नीट होत नाही असा जगभरचा अनुभव आहे. त्यापेक्षा पाइपच्या खालच्या, हवेकडच्या भागाला चारी बाजूंनी वाळूचा गाळणीपट्टा देणे जास्त भरवशाचे, कारण फट पडलीच तरी कण तिथे अडतात. ही वाळू दमट असताना दाबू नका. दमट वाळू फुगलेली राहते आणि पाणी पोचले की एकदम बसते. भरपूर पाणी सोडून प्लेट कॉम्पॅक्टरने हलके दोन-तीन पास, सापेक्ष घनता (सर्वांत सैल वाळू ०, सर्वांत घट्ट १००) ७० टक्क्यांच्या आसपास. फार कुटली तर कण फुटून भुकटी होते आणि गाळणी तुंबते. म्हणून ७५ मायक्रॉनची चाळणी दबाईच्या आधीच्या नाही, दबाईनंतरच्या नमुन्यावर लावा. बारीक भाग ५ टक्क्यांच्या आत हवा.

तपासणी : गाभ्याला कोअर कटर (मातीत ठोकून नमुना काढायची नळी), १०० मिमी व्यासाचा. काँक्रीटलगतच्या पट्ट्यात प्रत्येक थराला किमान एक नमुना, आणि तो पट्ट्यातूनच घेतलेला, शेजारच्या रोलरच्या भागातून नाही. हलक्या प्रॉक्टरच्या (भारी चाचणीहून कमी मार देणाऱ्या) ९८ टक्क्यांहून कमी घनता किंवा कोरडा ओलावा, यांपैकी एक जरी सापडले तरी थर उकरून काढा. घनता पुरी आणि माती कोरडी हा थर नापासच. ओव्हनचा निकाल दुसऱ्या दिवशी येतो आणि तोवर तीन थर चढलेले असतात. त्यासाठी हिल्फची जलद पद्धत शिकून घ्या. त्याच ओल्या मातीवर तीन प्रॉक्टर बिंदू घेऊन तासाभरात दबाईची टक्केवारी कळते, ओलावा माहीत नसतानाही.

प्रश्न : घाटघरचे धरण रोलरने दाबलेल्या काँक्रीटचे आहे असे वाचले. काँक्रीटवर रोलर कसा चालतो? नीडल व्हायब्रेटर का नाही?
— डिप्लोमाची विद्यार्थिनी, ठाणे

घाटघर उदंचन (पाणी पुन्हा वर उपसणाऱ्या) जलविद्युत प्रकल्पाची धरणे ही भारतातली या पद्धतीची पहिली. त्यातले खालचे धरण तुमच्याच जिल्ह्यात, शहापूर तालुक्यात आहे. हे काँक्रीट इतके कोरडे असते की त्याचा स्लम्प (साचा काढल्यावर काँक्रीट किती खाली बसते ते माप) शून्य. त्यावर माणूस चालला तर बूट रुतत नाही आणि १० टनी रोलर बुडत नाही. नीडल, म्हणजे काँक्रीटमध्ये बुडवायची थरथरणारी नळी, त्यात घातली तर नुसते भोक पडते, कारण भोवती वाहायला लगदाच नसतो. सिमेंटचा मोठा हिस्सा कोळशाच्या राखेने (फ्लाय ॲश) भागवतात, त्यामुळे उष्णता कमी निघते आणि मोठे ठोकळे थांबून थांबून ओतावे लागत नाहीत.

डोझरने ३०० मिमीचा थर पसरतात, एक साधा पास आणि मग व्हायब्रोचे साधारण चार ते सहा. मिश्रण बरोबर असेल तर शेवटी रोलरपुढे पृष्ठभाग किंचित लवचीक वाटतो आणि लगद्याची चमक वर येते. चमक आली नाही तर पाणी कमी, ड्रमपुढे लाट उठली तर जास्त. यासाठी स्लम्पऐवजी व्हीबी वेळ (कंपन दिल्यावर मिश्रण बसायला लागणारा वेळ) मोजतात, सेकंदांत. घनता अणुकिरण गेजने थराच्या तीन खोल्यांवर तपासतात. त्यात सीझियम-१३७ आणि अमेरिसियम-बेरिलियमचे स्रोत असतात, म्हणून अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी आणि प्रशिक्षित माणूस लागतो. धरणाची कमजोर बाजू म्हणजे दोन थरांमधला सांधा. पुढचा थर लवकर आला नाही तर पृष्ठभाग धुऊन त्यावर मॉर्टरचा थर द्यावा लागतो. साच्याजवळ, जिथे रोलर पोचत नाही, तिथे मात्र ग्राउट ओतून नीडलच चालवतात.

प्रश्न : उलव्याच्या प्लॉटखाली ८-१० मीटर खाडीचा चिखल आहे. मोठा व्हायब्रो रोलर लावून तो दाबता येईल का?
— बांधकाम ठेकेदार, उलवे

नाही. कंपनाने वाळू दाबली जाते, कारण कण हलतात आणि पाणी लगेच वाट काढते. खाडीच्या मातीतून पाणी निघायला महिने, कधी वर्षे लागतात. कंपन दिले तर ती घुसळली जाऊन होती त्याहून मऊ होते. म्हणून चिखलावरचा पहिला मुरमाचा थर जिओटेक्स्टाइलवर (जमिनीत अंथरायच्या कापडावर), हलक्या डोझरने आणि व्हायब्रो बंद ठेवून चढवायचा.

मार्ग दोन. वेळ असेल तर १ ते दीड मीटर अंतरावर उभे निचरापट्टे घालून वर जादा भराव ठेवायचा आणि बसण्याच्या नोंदी घेत थांबायचे. वेळ नसेल तर खोल व्हायब्रेटरने दगडी स्तंभ. यात चिखल दाबला जात नाही, दगड दाबला जातो. नियंत्रण दोन आकड्यांवर : मोटरचा अँपिअर आणि दगडाची खपत. ९०० मिमी व्यासाचा १० मीटर स्तंभ म्हणजे ६.४ घनमीटर दाबलेला दगड, मोकळ्या मापाने साडेसात-आठ. पाच-साडेपाचच गेला असेल तर स्तंभ बारीक झाला किंवा मध्ये तुटला. दर अर्ध्या मीटरची नोंद यंत्राच्या छापील पट्टीसह मागा आणि भार चाचणी घेतल्याशिवाय पाया सुरू करू नका.

प्रश्न : आमच्या जुन्या दुमजली घरासमोर रस्त्याचे काम चालू आहे. रोलर आला की भांडी वाजतात. भिंतीत तडेही दिसतात. रोलरमुळेच का?
— एक वाचक, ऐरोली

भांडी वाजणे आणि भिंत तडकणे यांत बरेच अंतर आहे. माणसाला सेकंदाला ०.३ मिमी इतका हादराही जाणवतो (पुढचे हादऱ्याचे आकडेही सेकंदाला मिमी असेच). जर्मन डीआयएन ४१५० मानकात साध्या घरांच्या पायाशी १० हर्ट्झखाली ५ मिमी, ३० हर्ट्झच्या आसपास १० मिमीपर्यंतचा हादरा मर्यादेत धरला आहे. जुन्या, नाजूक वास्तूंसाठी ही मर्यादा बरीच कमी. अमेरिकेच्या फेडरल ट्रान्झिट ॲडमिनिस्ट्रेशनच्या अंदाजी सूत्राने व्हायब्रो रोलरचा हादरा साडेसात मीटरवर सुमारे ५ मिमी, १५ मीटरवर २ मिमीच्या आत, पण ३ मीटरवर २० मिमीच्या घरात जातो. म्हणजे घर आणि रोलर यांच्यामध्ये किती मीटर आहेत, यावर सगळे अवलंबून आहे.

घराखाली सैल वाळूचा भराव असेल तर मर्यादेतल्या हादऱ्यानेही तो बसू शकतो, आणि मग तडे हादऱ्याचे नसून खचण्याचे असतात, पायरीसारखे तिरके जातात. प्रत्येक तड्याचा तारखेसह, शेजारी पट्टी धरून फोटो काढा. तड्यावर काचेची पट्टी दोन्ही टोकांना चिकटवा, भिंत हलली तर ती तुटते.

ठेकेदाराकडे लेखी मागा : पायाशी कंपनमापक लावावा, घरापासून ८ मीटरच्या आत व्हायब्रो बंद ठेवावा, तिथे थर १५० मिमीचा करून साध्या किंवा टायरच्या रोलरने जास्त पास द्यावेत. व्हायब्रो चालू-बंद तुमच्या दारासमोर करू नये. थांबताना ड्रमच्या फेऱ्या मंदावत जातात आणि मध्येच जमिनीच्या व घराच्या स्वतःच्या कंपनाशी जुळतात. भांडी सर्वांत जोरात वाजतात ती त्याच क्षणी.